वीज ओझे वाहील काय?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी नव्या वहीला हळदकुंकू वाहतो, पहिल्या पानावर 'श्री' लिहितो आणि मगच जमाखर्चाला हात घालतो. आपल्याकडे देवाचे नाव आणि पैशाचा हिशेब ही एकाच पानावर सुखाने नांदतात. या शुभ मुहूर्तावर वाचकांपुढे एक हिशेबच मांडावा असे मनात आहे. हिशेब आहे ओझे वाहणाऱ्या गाड्यांचा. पेट्रोल-डिझेलवर चालणारी मालमोटार बरी, की विजेवर चालणारी? भुसावळच्या बाजारात, रावेर-सावद्याच्या केळीच्या बागांत आणि स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर हा प्रश्न हल्ली रोज विचारला जातो. उत्तरे मात्र बहुधा कंपनीच्या जाहिरातीतून तरी येतात, नाही तर शेजाऱ्याच्या तक्रारीतून. इतिहासाला कोणी साक्षीला बोलावीत नाही. आणि गंमत अशी, की या प्रश्नाचा इतिहास ज्या थोड्या गावांच्या अंगाखांद्यावर घडला त्यांत आमचे भुसावळ येते.

खानदेशात ओझे वाहणाऱ्याचा मान मोठा. पोळ्याला बैलाची शिंगे रंगवून त्याला पुरणपोळीचा घास भरवायचा आणि दसऱ्याला मोटारीच्या नाकावर झेंडूची माळ घालायची, ही एकाच कृतज्ञतेची दोन रूपे. रेल्वे येण्यापूर्वी लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून या मुलखातून जात. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला. तेव्हा खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो कापूसही आधी बैलगाडीनेच हलला. बैलाचा खर्च काय, तर कडबा, पेंड आणि माया. बैल आपले इंधन शेतातच खातो आणि उरलेले शेतालाच परत करतो. पुढे शंभर-दीडशे वर्षे माणसाने जी जी यंत्रे काढली, त्यांतल्या एकालाही हे साधलेले नाही.

१८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने थळ घाट फोडून आपले रूळ वर आणले, ते तापीकाठी पोचवले आणि तेथे त्यांना दोन फाटे फुटले. एक खांडव्यावरून जबलपूरकडे गेला, दुसरा नागपूरकडे. जेथे फाटे फुटतात तेथे इंजिने बदलतात. जेथे इंजिने बदलतात तेथे कोळसा, पाणी, फिटर, ड्रायव्हर, फायरमन आणि त्यांची बिऱ्हाडे येतात. भुसावळ हे शहर असे वसले. इतर गावांना नदीने, किल्ल्याने किंवा देवळाने जन्म दिला. आमच्या गावाला जन्म दिला तो इंजिनाच्या तहानेने आणि भुकेने.

त्या भुकेचा विचार करू लागलो म्हणजे आजच्या प्रश्नाचे मूळ हाती लागते. वाफेचे इंजिन दिसायला राजबिंडे, पण खाण्यात भीमाचे भाऊ. कोळशात जी उष्णता असते तिच्यातले शंभरातले सहा-आठ भाग काय ते चाकापर्यंत पोचत. उरलेले धुराड्यातून आणि वाफेतून आकाशात जात. शिवाय आपला कोळसा आणि आपले पाणी हे इंजिन आपल्याच पाठीवर वाहून नेणार! घाट आला म्हणजे हा संसार फार जड होई. थळ घाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट. या चढावर मालगाडीला पुढून आणि मागून इंजिने लावली तरी तिची चाल मुंगीची. मुंबईचा व्यापार वाढत होता आणि त्याच्या वाटेत घाट आडवा पडला होता.

* * *

उपाय सापडला तो विजेचा. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला हार्बर मार्गाने विजेची पहिली गाडी धावली. हिंदुस्थानातली विजेवरची ही पहिली आगगाडी. तिला १,५०० व्होल्टचा डीसी प्रवाह लागे. १९२९ साली तार बोरघाट चढून पुण्याला गेली आणि १९३० साली थळ घाट चढून इगतपुरीला. घाटासाठी स्वित्झर्लंडच्या धर्तीची लांबलचक, मधून वाकणारी इंजिने आणली होती. परदेशात त्या जातीला 'मगर' म्हणत. आमच्या रेल्वेवाल्यांनी तिचे बारसे 'खेकडा' म्हणून केले. या खेकड्याची एक करामत सांगण्याजोगी आहे. घाट उतरताना त्याच्या मोटारी उलट काम करीत, म्हणजे वीज खाण्याऐवजी वीज निर्माण करीत आणि ती तारेत परत सोडीत. उतरत्या गाडीने चढत्या गाडीला हात द्यावा अशी ही व्यवस्था होती. आज विजेच्या मोटारीचा विक्रेता ब्रेक दाबल्यावर बॅटरीत वीज परत येते हे मोठ्या कौतुकाने सांगतो, तेव्हा ते नवल आपल्या कसारा घाटात शंभर वर्षांपूर्वीच घडत होते हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

ही वीज येत कुठून होती? काही वीज टाटांच्या जलविद्युत केंद्रांची. खोपोलीचे केंद्र १९१५ साली सुरू झाले, मागून भिवपुरी आणि भिरा आली. सह्याद्रीवर पडणारा पाऊस धरणांत अडवून कोकणात सोडायचा आणि त्या पडत्या पाण्याने यंत्रे फिरवायची. पण रेल्वेने कल्याणजवळ चोळे येथे स्वतःचेही वीजघर बांधले होते आणि ते कोळशावर चालत होते. येथे पुष्कळांचा गोंधळ होतो. कोळसा टाळण्यासाठी वीज आणली आणि वीज करायला पुन्हा कोळसाच जाळला, तर मिळवले काय? मिळवले ते असे, की इंजिनाच्या पोटात जळणारा कोळसा शंभरातले सहा-आठ भाग कामाला देई. मोठ्या वीजघरात तोच कोळसा त्याच्या कितीतरी पट काम देतो. एकेकट्या बिऱ्हाडकरूने स्वतंत्र चूल पेटवावी त्यापेक्षा खाणावळीच्या एका भट्टीवर शंभरांचा स्वयंपाक व्हावा, तसा हा प्रकार.

मग सगळीकडेच तार का टाकली नाही? कारण तार फुकट मिळत नाही. खांब, तांबे, उपकेंद्रे हा सारा खर्च पहिली गाडी धावण्यापूर्वी करावा लागतो. तो खर्च भरून यायचा तर त्या तारेखालून रोज पुष्कळ गाड्या गेल्या पाहिजेत. मुंबईच्या उपनगरांत त्या जात होत्या, घाटात वाफ थकली होती. म्हणून तेथे वीज आली. इगतपुरीच्या पुढे सपाट मुलूख लागला आणि तार थांबली. किती वर्षे थांबली? जवळजवळ चाळीस! मध्ये महायुद्ध आले, स्वातंत्र्य आले, जी. आय. पी. जाऊन मध्य रेल्वे झाली. १९५७ साली भारतीय रेल्वेने फ्रान्सच्या अनुभवावरून २५,००० व्होल्टच्या एसी प्रवाहाची पद्धत स्वीकारली. या पद्धतीत तार बारीक चालते आणि उपकेंद्रे लांबलांब ठेवता येतात. म्हणजे तोच पहिला खर्च उतरला. तेव्हा कुठे १९६०-७० या दशकाच्या अखेरीस इगतपुरी ते भुसावळ हा सुमारे ३०० किलोमीटरचा मार्ग विजेचा झाला. आणि भुसावळच्या पुढे नागपूर व इटारसीकडे तार सरकायला आणखी वीसेक वर्षे लागली.

या घटनेतून एक नियम निघतो. वीज ही आरंभी महाग आणि मागाहून स्वस्त असते; तेल हे आरंभी स्वस्त आणि मागाहून महाग असते. ज्याची चाके दिवसभर फिरतात त्याला वीज परवडते. ज्याची गाडी अर्धा महिना अंगणात उभी असते त्याला तेल परवडते. रेल्वेला हा नियम शिकायला चाळीस वर्षे लागली. आपल्या गल्लीतल्या गाडीवाल्याला तो शोरूमच्या काउंटरवर अर्ध्या तासात शिकावा लागतो, आणि चुकला तर हप्ते त्याच्या बायकोच्या मंगळसूत्रातून जातात.

* * *

आता रुळांवरून सडकेवर येऊ. विजेची मोटार ही आजकालची टूम आहे असा समज आहे. तो खरा नाही. १८९९ साली बेल्जियमच्या कामिय जेनात्झी नावाच्या गृहस्थाने तासाला १०० किलोमीटरचा वेग ओलांडला, तो विजेच्या मोटारीत बसून. माणसाने सडकेवर गाठलेला तो पहिला शंभरीचा वेग. १९०० च्या सुमारास अमेरिकेतल्या मोटारींपैकी जवळजवळ एक-तृतीयांश विजेवर चालत. न्यूयॉर्कसारख्या शहरांत दुकानांचा माल घरोघर पोचवायला विजेच्या मालमोटारी होत्या. त्यांना आवाज नाही, वास नाही, आणि हँडल मारून हात मोडून घेण्याचा प्रसंग नाही.

मग त्या गेल्या कुठे? तीन गोष्टींनी त्यांचा घात केला. १९०८ साली हेन्री फोर्डने स्वस्त मोटार काढली. १९१२ साली कॅडिलॅक मोटारीला विजेचा स्टार्टर बसला आणि हँडल मारण्याची कटकट संपली. म्हणजे विजेनेच विजेचा गळा कापला! तिसरी गोष्ट रस्त्यांची. गावाबाहेर चांगले रस्ते झाले, माणसाला लांब जावेसे वाटू लागले, आणि लांब जायचे म्हटले की बॅटरी मान टाकी. शिसे आणि तेजाब यांची ती बॅटरी प्लाँते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शोधली होती. ती भरवशाची होती, पण जड. विजेच्या गाड्या मग एका कोपऱ्यात उरल्या: इंग्लंडात पहाटे दारोदार दुधाच्या बाटल्या टाकणाऱ्या गाड्या पुढची कित्येक दशके विजेवर चालल्या. हा कोपरा लक्षात ठेवा. रोजचा ठरलेला फेरा, थोडे अंतर, घरोघरी थांबणे, आणि दुपारी मुक्कामाला परत. दुधाच्या गाडीला वीज सोडून गेली नाही, कारण दुधाच्या गाडीने तिच्याकडे भलते काही मागितले नाही.

जडपणाचा हिशेब नीट पाहिला पाहिजे, कारण सारा वाद त्यावर आहे. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट विजेइतकी शक्ती भरलेली असते आणि त्याचे वजन किलोपेक्षा कमी. आजच्या लिथियमच्या बॅटरीत किलोमागे युनिटाचा सहावा-सातवा भाग मावतो. म्हणजे एका लिटर डिझेलची बरोबरी करायला साठ-सत्तर किलो बॅटरी! विजेची मोटर आपली वीज शंभरातले ऐंशी-नव्वद भाग कामाला लावते आणि तेलाचे इंजिन पंचवीस-तीस भागच लावते, हे जमेस धरले तरी लिटरमागे वीस-पंचवीस किलो बॅटरी वाहावी लागते. रेल्वेने हा पेच कसा सोडवला ते आपण पाहिले: इंधन पाठीवर घ्यायचेच नाही, डोक्यावरच्या तारेतून घ्यायचे. सडकेवरही तसे करून पाहिले आहे. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली आली आणि १९६४ साली गेली; तारेवरची ट्रॉलीबस १९६२ साली आली आणि १९७१ साली गेली. शहराच्या गर्दीत तार आणि बस यांचे जमले नाही. आणि केळीच्या बागेच्या बांधापर्यंत तर कोणी तार टाकणार नाही. सडकेवरच्या गाडीला आपली शिदोरी बरोबर घ्यावीच लागते.

* * *

आमच्याकडे मालमोटार उशिराच रुजली. १९३६ च्या डिसेंबरात जवळच्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. तेव्हा अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंची मिरवणूक बैलांच्या रथातून निघाली. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा मोटारींच्या पाठीला लोखंडी भट्ट्या बसवल्या गेल्या आणि लोणारी कोळशाच्या गॅसवर त्या धापा टाकीत चालल्या. तेल परमुलखातून येते आणि युद्धाबरोबर आटते, हा धडा त्या पिढीने भट्टीचा धूर खाऊन शिकला. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. १९५८ साली बजाज टेम्पो कंपनी निघाली आणि तिची तीनचाकी जर्मन वळणाची मालगाडी इतकी घरोघर झाली, की 'टेम्पो' हा शब्द मराठीच होऊन बसला. आज कोणत्याही कंपनीची गाडी असो, 'टेम्पो बोलाव' असेच म्हणतात. २००५ साली टाटांची 'एस' आली; लोकांनी तिला 'छोटा हत्ती' म्हटले. खानदेशात तिच्या जोडीला पिकअप आली. तेव्हापासून आमच्या भागातला केळीचा घड बागेतून निघतो तो बहुधा या दोहोंपैकी एकीत बसूनच. पूर्वी रावेर, निंभोरा, सावदा या स्टेशनांवर केळीच्या वाघिणी भरून दिल्लीकडे जात, तेव्हाही बागेपासून स्टेशनापर्यंतचा तुकडा कोणाला तरी ओढावा लागेच. आधी बैलाने ओढला, मग डिझेलने. आता विजेची पाळी आली आहे काय, एवढाच सवाल.

१ जून २०२२ रोजी एसटीने विजेवर चालणारी 'शिवाई' सुरू केली, तीही पुणे-अहमदनगर याच मार्गावर. त्याच वर्षी छोट्या हत्तीचाही विजेचा अवतार जाहीर झाला. आणि २०२५ च्या जूनमध्ये टाटांनी 'एस प्रो' नावाची छोटी मालगाडी पेट्रोल व वीज अशा दोन्ही रूपांत बाजारात आणली. भार दोघींचा ७५० किलो. तेव्हा आरंभीची किंमत पेट्रोलच्या गाडीची ३ लाख ९९ हजार होती, विजेच्या गाडीची ६ लाख ५० हजार. जुळ्या बहिणींपैकी एक पेट्रोल पिते, दुसरी वीज. तुलना करायला याहून चांगली जोडी मिळणे कठीण.

मॅट्रिकच्या गणिताने सुटणारा हा हिशेब आहे. पाटी घ्या आणि माझ्याबरोबर मांडा. कंपनी म्हणते विजेची गाडी एका भरणीत १५५ किलोमीटर जाते. हा आकडा चाचणीतला. आमचे खड्डे, आमचा मे महिना आणि आमचे भरणे लक्षात घेऊन १०० धरू. बॅटरी १४.४ युनिटांची. भरताना काही वीज वाया जाते, म्हणून मीटरवर १६ ते १७ युनिटे पडतील. युनिटला ९ रुपये धरले तर १०० किलोमीटरला सुमारे १५० रुपये. पेट्रोलची गाडी ओझ्यासह लिटरला १६ किलोमीटर देईल असे धरू, आणि लिटर १०५ रुपयांना. १०० किलोमीटरला सुमारे ६५० रुपये. फरक ५०० रुपयांचा, म्हणजे किलोमीटरमागे पाच रुपये.

आता दोन गाडीवाले घ्या. पहिला दूध, किराणा किंवा गॅसच्या टाक्या वाहतो. रोज ८० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस. त्याचे वर्षाला १ लाख २० हजार वाचतात आणि किमतीतला अडीच लाखांचा फरक दोन वर्षांच्या थोड्या पुढे फिटतो. दुसऱ्याची गाडी लग्नसराईत आणि हंगामात चालते, सरासरी रोज ३० किलोमीटर. त्याचे वर्षाला ४५ हजार वाचतात. फरक फिटायला साडेपाच वर्षे. त्यावर कर्जाचे व्याज धरा, आणि तोवर बॅटरीही म्हातारी होऊ लागलेली धरा. पहिल्याला वीज लाभते, दुसऱ्याला ती जेमतेम. तार इगतपुरीला का थांबली, त्याचेच हे छोट्या वहीतले उत्तर.

मग ज्याची गाडी सर्वांत जास्त धावते त्याला वीज सर्वांत जास्त लाभावी! नियम तसे म्हणतो, पण येथे जडपणा आडवा येतो. केळी भरून जळगावच्या पुढे अजिंठ्याचा घाट चढून छत्रपती संभाजीनगरला जाणारा, किंवा रात्रीत सुरत गाठणारा पिकअपवाला रोज दोन-तीनशे किलोमीटर तोडतो. त्याचा माल नाशवंत. वाटेत गाडी भरायला दोन तास थांबलो तर बाजाराचा भाव थांबत नाही. शिवाय त्याच्या गाडीत दीड-दोन टन माल असतो, आणि खरे सांगायचे तर कागदावर असतो त्याहून अधिकच असतो. ओझे वाढले की बॅटरीचा पल्ला झपाट्याने घटतो. अमेरिकेत फोर्डने २०२२ साली विजेचा मोठा पिकअप काढला. मोकळा असता त्याची धाव चांगली साडेतीनशे-पाचशे किलोमीटरची. पण मागे जड गाडा जोडून ओढू लागले की ती निम्म्यावर येते, असा तिथल्या लोकांचा अनुभव. तेव्हा आजच्या घटकेला लांबच्या फेरीला डिझेल आणि गावच्या फेऱ्याला वीज, अशी वाटणी ज्याची त्याला होते. दुधाच्या गाडीचा तो इंग्रजी कोपरा आता रुंद होऊन अख्खा तालुका झाला आहे. जिल्हा मात्र अजून झालेला नाही.

आमच्या भागाची आणखी एक परीक्षा आहे ती उन्हाची. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. बॅटरीला माणसासारखेच ऊन सोसत नाही. तापलेल्या अंगाने तिला भरले तर तिचे आयुष्य कमी होते. रात्री गार झाल्यावर, सावलीत भरणे चांगले, आणि घरच्या जाड पिनेच्या प्लगवर पाच-सहा तासांत ती भरतेही. पण त्यासाठी रात्रभर वीज हवी. येथे खानदेशी माणूस कडू हसतो. गावापासून हाकेच्या अंतरावर दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र आहे. १९६८ साली त्याचा पहिला संच सुरू झाला, म्हणजे रेल्वेची तार आणि हे वीजघर एकाच सुमारास आले. आज तेथे ५०० मेगावॅटचे दोन संच उभे आहेत. त्या धुराड्यांच्या दिव्याखाली राहून आमच्या खेड्यांनी भारनियमनाची वर्षे काढली, आणि शेतकऱ्याने आठ तासांची पाळी रात्रीची आली म्हणून अंधारात विंचवाकाट्यांतून मोटार चालू करायला जावे, हे तर कालपरवापर्यंतचे. दिव्याखाली अंधार ही म्हण आमच्याकडे म्हण म्हणून कोणी वापरीत नाही.

दीपनगरचे नाव निघाले म्हणून धुराचाही हिशेब देऊन टाकू. विजेची गाडी धूर करीत नाही असे म्हणतात. ती बाजारात करीत नाही, हे खरे. पण आपल्या १०० किलोमीटरच्या फेरीला लागणारी वीज कोळशाची असेल तर त्यासाठी वीजघरात दहा-अकरा किलो कोळसा जळतो. पेट्रोलच्या गाडीत सहा-सव्वासहा लिटर पेट्रोल जळते. पृथ्वीला तापवणाऱ्या वायूपुरते बोलायचे तर हे दोन्ही आकडे जवळजवळ बरोबरीत सुटतात. वीजघराभोवतीच्या गावांना राखेचे काय सोसावे लागते ते त्यांनाच विचारावे. पण फरक आहे तो पुढचा. पेट्रोलची गाडी शेवटच्या दिवसापर्यंत पेट्रोलच पिणार. विजेच्या गाडीला आज कोळशाची वीज मिळाली, उद्या सूर्याची मिळाली, तरी तिला चालते. ती चारा विचारीत नाही. खानदेशचे जे ऊन बॅटरीला बाधते तेच ऊन छपरावरच्या पत्र्यांतून तिला खाऊ घालू शकते. आणि भाजीबाजारात दिवसभर गाड्यांच्या नाकाशी नाक लावून बसणाऱ्या बाईच्या छातीत आज धूर गेला नाही, हा लाभ कोणत्याही वहीत न मांडताही लाभच आहे.

* * *

राहता राहिली माणसांची गोष्ट. वाफेचे इंजिन गेले तेव्हा भुसावळात नुसते यंत्र बदलले नाही. कोळसा फोडणारे, राख उपसणारे, पाणी भरणारे हात रिकामे झाले. इंजिनाच्या आवाजावरून कुठला सांधा ढिला आहे ते सांगणाऱ्या जुन्या फिटरांची विद्या एका पिढीत निरुपयोगी ठरली. पण गाव मेले नाही. फायरमनची मुले विजेच्या इंजिनावर चढली, शेड बदलली, शिक्षण बदलले. याचे कारण असे की रेल्वेने बदल चाळीस वर्षांत केला आणि माणसे आपलीच होती, म्हणून त्यांना हाताशी धरून केला. सडकेवरच्या माणसाला कोणी असे हाताशी धरणारे नाही. यावल रोडवरचा, जामनेर रोडवरचा गॅरेजवाला नोझल आणि पंप दुरुस्त करून घर चालवतो. विजेच्या गाडीत नोझल नाही, पंप नाही, ऑइल बदलणे नाही. ती बिघडली तर उघडते कंपनीच्या संगणकापुढेच. गाडीवाल्याच्या वहीत जी बचत दिसते, तिच्यातला काही भाग या मेकॅनिकच्या वहीतून वजा झालेला असतो. आमच्या शाळेतून दरवर्षी काही मुले आयटीआयला जातात. त्यांच्या हाती पान्याबरोबर आजच मल्टिमीटर दिला पाहिजे. नाही तर दहा वर्षांनी गाड्या इथल्या आणि दुरुस्ती पुण्याची, असे व्हायचे.

तेव्हा वीज ओझे वाहील काय, या प्रश्नाला इतिहासाचे उत्तर असे आहे: वाहील, पण आधी ठरलेल्या वाटेवर, रोजच्या फेऱ्यावर, जेथे चाके फार आणि पल्ला थोडा आहे तेथे. तिला उगाच हसू नये आणि तिच्या नादी लागून घरही गहाण टाकू नये. इगतपुरीहून भुसावळला यायला तिला चाळीस वर्षे लागली, आणि त्या चाळीस वर्षांत तिला नावे ठेवणारे पुष्कळ झाले असतील. आज देशातले ब्रॉडगेजचे जाळे जवळजवळ सगळे विजेवर चालते. तार आली ती जाहिरातीने आली नाही. खर्च उतरला आणि गाड्या वाढल्या म्हणून आली. बॅटरीचेही तसेच होईल. ती हलकी झाली, स्वस्त झाली, सुरतेच्या वाटेवर भरायला जागा झाल्या, की पिकअपवाला कोणाचे भाषण ऐकायला थांबणार नाही. तो स्वतःच हिशेब करील, कारण हप्ता त्याला भरायचा आहे.

यंदा वहीपूजन झाल्यावर ज्यांच्या घरी ओझ्याची गाडी आहे त्यांनी एवढेच करावे. नव्या वहीचे एक पान मोकळे सोडावे आणि महिनाभर रोज लिहावे: किती किलोमीटर चाललो, किती माल नेला, किती लिटर जाळले, किती वेळ उभा राहिलो. महिनाअखेर ते पान आपोआप बोलू लागेल. त्या पानाइतका खरा सल्ला विक्रेता देणार नाही, शेजारी देणार नाही, आणि मास्तरही देणार नाही.